आधी भिंतीतले, मग भिंतीवरचे

प्रास्ताविक

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. घर आणि लग्न या दोन्ही प्रसंगी माणसाच्या ऐपतीची, धीराची आणि विवेकाची परीक्षा होते, असा तिचा आशय आहे. आज बहुतेक लोक स्वतः घर बांधत नाहीत. ते तयार घर विकत घेतात किंवा भाड्याने घेतात. तरीही परीक्षा टळत नाही. घराची किल्ली हाती येते तेव्हा शिल्लक बहुधा संपत आलेली असते आणि घर मात्र रिकामे असते. अशा वेळी उरलेला पैसा कोठे आणि कोणत्या क्रमाने खर्च करावा, हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत पाठात बेंगळुरू शहराच्या पार्श्वभूमीवर या प्रश्नाचा विचार केला आहे. पाठातील कुटुंब विषय समजावण्यासाठी कल्पिलेले आहे. शहर, तेथील घरे आणि त्यांविषयीची माहिती मात्र वास्तव आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हांला –
• घराच्या दुरुस्तीतील व सजावटीतील कामांचा योग्य क्रम सांगता येईल;
• आवश्यक खर्च आणि दिखाऊ खर्च यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• मर्यादित रकमेचे अंदाजपत्रक तयार करता येईल;
• घराशी संबंधित मराठी शब्द, म्हणी व वाक्प्रचार यांचा अर्थ सांगून त्यांचा उपयोग करता येईल.

मूळ पाठ

१. कॅलेंडरमागची भिंत

बेंगळुरू आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने हे ठाणे जिंकले. पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागीर म्हणून आले व त्यांचे वास्तव्य येथे होते. त्यानंतरच्या काळात व्यापार, नोकरी आणि शिक्षण या निमित्तांनी मराठी कुटुंबे येथे येत राहिली. आजही बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर या भागांतून येणारी तरुण माणसे या शहरात आपला संसार मांडतात.

अशाच एका कुटुंबाची कल्पना करू. पती छापखान्यात नोकरीला आहे, पत्नी शिवणकाम करते, मुलगी सातवीत शिकते आणि पतीची आई बेळगावहून नुकतीच त्यांच्याकडे राहायला आली आहे. बारा वर्षे भाड्याच्या घरात काढल्यावर त्यांनी राजाजीनगर भागात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे घर विकत घेतले. बँकेचे गृहकर्ज, नोंदणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क भागवल्यावर त्यांच्याजवळ अडीच लाख रुपये उरले.

पतीने आधीच एक यादी तयार केली होती. बैठकीच्या खोलीत सोफा, भिंतीवर मोठा दूरदर्शन संच व त्याभोवती लाकडी सजावट, छताला प्लास्टर ऑफ पॅरिसचे नक्षीकाम, जुनी लाल जमीन उखडून तिच्या जागी चकचकीत फरश्या आणि तयार कप्प्यांचे नव्या पद्धतीचे स्वयंपाकघर. एकूण खर्च साडेचार लाख रुपये. कमी पडणारे दोन लाख वैयक्तिक कर्ज काढून उभे करायचे, असे त्याने ठरवले होते. वास्तुशांत महिन्याभरावर आली होती आणि गावाकडची सगळी मंडळी येणार होती. त्यांच्यासमोर घर अर्धवट दिसू नये, एवढीच त्याची इच्छा होती. ती समजण्यासारखीही होती. बारा वर्षे दुसऱ्याच्या घरात राहिलेल्या माणसाला आपले घर चारचौघांना दाखवावेसे वाटणे यात गैर काही नाही.

घर पाहायला सगळे मिळून गेले तेव्हा आजी खोल्यांतून सावकाश हिंडत होत्या. आतल्या खोलीत आधीच्या मालकाने एक कॅलेंडर तसेच ठेवले होते. आजींनी ते खिळ्यावरून काढले. मागे भिंतीला मोठा फुगवटा आला होता. बोट लावताच रंगाचा पोपडा गळून पडला आणि आतला गिलावा ओला लागला.

“ही भिंत न्हाणीघराला लागून आहे ना?” आजींनी विचारले.

“हो, आई,” सून म्हणाली.

“मग सूनबाई, पाणी आत कुठेतरी मुरते आहे. यावर कितीही भारी रंग दिला तरी पावसाळ्यानंतर तो असाच पडेल.”

२. क्रम का महत्त्वाचा?

आजींचे म्हणणे पडताळून पाहणे अवघड नव्हते. प्लंबरने न्हाणीघराच्या निचऱ्याला बोळा घातला, फरशीवर दोन-तीन बोटे पाणी साठवले आणि ते चोवीस तास तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी उतरली होती. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध कन्नड दांपत्याने त्यांना आपल्या स्वयंपाकघराचे छत दाखवले. तेथे काळपट डाग पडले होते आणि एका कोपऱ्यात थेंब साठत होता. ही तक्रार आपण आधीच्या मालकाकडे दोन वर्षे करत होतो, असे त्यांनी सांगितले.

येथे या कामाचे स्वरूप बदलले. आतापर्यंत प्रश्न एका कुटुंबाच्या आवडीनिवडीचा होता. आता त्यांच्या न्हाणीघरातील पाणी दुसऱ्याच्या चुलीवर टपकत होते. शिवाय छतातील लोखंडी सळयांपर्यंत ओल पोहोचली की त्या गंजतात, गंजताना फुगतात आणि भोवतालचे काँक्रीट फोडतात. आज काही हजारांत होणारी दुरुस्ती मग लाखांवर जाते. सोफ्याची खरेदी वर्षभर लांबणीवर टाकली तर सोफ्याचे काही बिघडत नाही. ओल वर्षभर लांबणीवर टाकली तर घराचे बिघडते.

घर लावण्याचा पहिला नियम यातूनच निघतो. जे दडलेले आहे ते आधी आणि जे दिसणारे आहे ते नंतर. पाण्याचे नळ व निचरा, विजेच्या तारा, भिंतींची ओल, खिडक्या-दारांची मजबुती ही कामे पहिली. ओटा व फरशी ही कामे त्यानंतरची. रंग त्याच्याही नंतर आणि सामानसुमान सर्वांत शेवटी. हा क्रम उलटला तर नवा रंग खरवडून भिंत फोडावी लागते आणि एकाच कामाचे पैसे दोनदा द्यावे लागतात.

विजेच्या बाबतीत तर प्रश्न जिवाचा असतो. जुन्या घरांतील तारा आजच्या उपकरणांचा भार लक्षात घेऊन घातलेल्या नसतात. दिव्यासाठी दीड चौरस मिलिमीटर छेदाची तार पुरते, पण पाणी तापवण्याच्या गीझरला चार चौरस मिलिमीटरची तार व स्वतंत्र जोडणी लागते. तार भारतीय मानक चिन्हाची असावी. वीज जमिनीत किंवा माणसाच्या शरीरातून गळू लागताच प्रवाह तोडणारे ‘आरसीसीबी’ नावाचे उपकरण मिळते. माणसाच्या रक्षणासाठी ते ३० मिलिअँपिअर क्षमतेचे निवडतात. पाहुण्यांपैकी कोणी त्याच्याकडे बघत नाही. मात्र ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या मुलीचा जीव ते वाचवू शकते.

जुना रंग काढतानाही सावध राहावे लागते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्या देशात २०१६ मध्ये करण्यात आले व ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे अधिक असण्याचा संभव असतो आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून जुनी भिंत किंवा दार कोरड्या पॉलिश कागदाने घासू नये. पाणी मारून घासावे, मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे आणि खाली पडलेला चुरा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

३. शहराकडून घेण्याचे धडे

कमी खर्चात घर लावणाऱ्याने आपल्या शहराचे हवामान आणि तेथे मिळणारी सामग्री यांचा विचार करावा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. तेथील हवा बऱ्याच अंशी सौम्य असते. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहिल्या आणि त्यांच्यावर पडवी किंवा छज्जा असला, तर वर्षातील बहुतेक दिवस पंखा पुरतो. म्हणून वातानुकूलन यंत्र घेण्यापूर्वी, कपाट लावून एखादी खिडकी बुजवली जात नाही ना, हे पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

मल्लेश्वरम व बसवनगुडी या वसाहतींची वाढ १८९८ च्या प्लेगनंतर वेगाने झाली. दाट पेठांत रोग पसरला, तेव्हा मोकळ्या रस्त्यांच्या, हवेशीर घरांच्या वस्त्यांची गरज शहराला पटली. या भागांतील जुन्या घरांत तांबड्या रंगाच्या गुळगुळीत जमिनी अजूनही दिसतात. सिमेंटमध्ये लोहाचा तांबडा रंग मिसळून त्या घोटलेल्या असतात. पायांना गार लागणारी आणि पुसायला सोपी असणारी ही जमीन वापरून वापरून अधिकच तुकतुकीत होते. पाठातील कुटुंबाच्या घरातही अशीच जमीन होती. ती उखडणे, राडारोडा वाहून नेणे, नवी फरशी आणणे व बसवणे या चार खर्चांऐवजी तिच्या भेगा भरून, घासून तिला चकाकी आणणे पुष्कळ स्वस्त पडले. चांगल्या स्थितीतील वस्तू केवळ जुनी आहे म्हणून काढून टाकणे, हा नव्या घरातील सर्वांत महागडा छंद असतो.

दुसरा धडा याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत मिळतो. १९७४ मध्ये प्रा. अमूल्य कुमार रेड्डी यांच्या पुढाकाराने तेथे ‘अस्त्र’ हा उपक्रम सुरू झाला. विज्ञानाचा उपयोग खेड्यांतील सामान्य माणसासाठी करणे, हा त्याचा हेतू होता. या उपक्रमात प्रा. के. एस. जगदीश व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीत थोडे सिमेंट मिसळून, ते मिश्रण यंत्रात दाबून विटा तयार करण्याची पद्धत विकसित केली. हाताने चालणाऱ्या त्या यंत्राला ‘मर्दिनी’ असे नाव देण्यात आले. या विटा भाजाव्या लागत नाहीत, त्यामुळे इंधन वाचते. बांधकामाच्या जागी खणलेली माती योग्य असेल तर तीच वापरता येते, त्यामुळे वाहतूक वाचते. विटा रेखीव असल्याने भिंतीला गिलावा व रंग न देताही चालते. बेंगळुरूमध्ये अशा विटांची अनेक घरे उभी राहिली आहेत.

तयार घर घेणाऱ्याला मातीच्या विटांचा थेट उपयोग नसेल, परंतु त्यामागचा विचार त्याला घेता येतो. वस्तूची किंमत म्हणजे केवळ दुकानातील किंमत नव्हे. ती किती लांबून आणावी लागते, तिच्यावर आणखी काय चढवावे लागते आणि ती पुढे किती काळ टिकते, हे सारे त्या किमतीत धरावे लागते. कर्नाटकात ग्रॅनाइटच्या खाणी पुष्कळ आहेत, म्हणून बेंगळुरूमध्ये ओट्यासाठी ग्रॅनाइट वापरणे सोयीचे ठरते. कडप्पा त्याहून स्वस्त असतो, पण तो चुनखडीच्या जातीचा दगड असल्याने लिंबू-चिंचेच्या आंबटपणाने त्यावर डाग पडतात. म्हणून वरती ग्रॅनाइट आणि ओट्याखालच्या कप्प्यांना कडप्पा, असा मेळ या कुटुंबाने घातला. मुलामा दिलेल्या लाकडी कप्प्यांपेक्षा दगडी कप्पे पाण्याला अधिक टिकतात. जेथे प्लायवूडच वापरायचे असेल, तेथे भांडी धुण्याच्या जागेजवळ उकळत्या पाण्यातही न सुटणारे प्लाय घ्यावे. केवळ दमट हवेला टिकणारे साधे प्लाय तेथे फार काळ तग धरत नाही.

पाण्याच्या बाबतीतही शहराची स्थिती ध्यानात ठेवावी लागते. बेंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, चढावर उपसून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र पाणीटंचाई अनुभवली. नळाच्या तोंडाशी बसवायची एक लहानशी जाळी पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार भरघोस वाटते आणि पाणी मात्र कमी खर्च होते. काही रुपयांची ही वस्तू घराच्या सजावटीत कोठेच दिसत नाही, पण ती रोज उपयोगी पडते.

४. जुने ते टाकाऊ नव्हे

बेंगळुरूमध्ये नोकरीनिमित्त येणारे-जाणारे लोक पुष्कळ आहेत. शहर सोडताना ते पलंग, कपाटे, टेबले कमी किमतीत विकून टाकतात. शिवाजीनगरसारख्या भागांत जुन्या सामानाची दुकाने आहेत. अशा दुकानाला तेथे ‘गुजरी’ म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला हा शब्द ऐकून गंमत वाटते, कारण कोल्हापुरात ‘गुजरी’ म्हणजे सराफांची पेठ!

जुने लाकडी सामान घेताना ते हलवून पाहावे. सांधे डगमगत असतील तर दुरुस्तीचा खर्च किमतीत मिळवावा. पायांच्या तळाशी व मागच्या फळीवर वाळवीची माती किंवा बारीक भोके आहेत का, ते पाहावे. पलंगाच्या खाचांत ढेकूण नाहीत याची खात्री करावी. गाद्या मात्र जुन्या घेऊ नयेत. या कुटुंबाने सागवानी जेवणाचे टेबल, दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट जुने घेतले. टेबलाला सुताराने एक नवा पाय बसवला.

जुन्या सामग्रीचा पुनर्वापर ही केवळ गरिबाची अडचण नसते. लॉरी बेकर (१९१७–२००७) हे मूळचे इंग्लंडचे वास्तुविशारद पुढे केरळात स्थायिक झाले. पाडलेल्या इमारतींची दारे-खिडक्या नव्या बांधकामात वापरून, अनावश्यक ते गाळून त्यांनी कमी खर्चाची आणि देखणी घरे उभारली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्काराने गौरवण्यात आले.

आजींनी बेळगावहून येताना दोन गोधड्या आणल्या होत्या. उत्तर कर्नाटकात यांनाच ‘कौदी’ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून त्यांना बारीक टाके घातलेले असतात. त्यांतील एक सुनेने उघड्या दिवाणावर अंथरली. सोफ्याचा प्रश्न तूर्त तरी मिटला.

५. हिशेबाची वही

या कुटुंबाने एका वहीत तीन याद्या केल्या. ‘राहायला जाण्यापूर्वी’, ‘वर्षभरात’ आणि ‘जमेल तेव्हा’. पहिल्या यादीतील कामांचा हिशेब असा झाला :

न्हाणीघराचे जलरोधन व नळकाम – ६५,००० रुपये
विजेच्या तारा, बटणे व सुरक्षा उपकरणे – ५५,००० रुपये
ओटा, भांडी धुण्याची जागा व कप्पे – ४५,००० रुपये
रंगकाम व जमिनीची चकाकी – ३०,००० रुपये
पंखे व दिवे – १५,००० रुपये
जुने सामान व त्याची दुरुस्ती – १५,००० रुपये
राखीव – २५,००० रुपये
एकूण – २,५०,००० रुपये

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक घराचे मोजमाप, गाव आणि मजुरीचे दर यांप्रमाणे ते बदलतील. लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की निम्म्याजवळ रक्कम डोळ्यांना न दिसणाऱ्या पहिल्या दोन कामांवर खर्च झाली आणि दहावा हिस्सा बाजूला ठेवला गेला. जुनी भिंत फोडल्यावर आत काय निघेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी राखीव रक्कम हवीच.

पंख्यांच्या बाबतीत मुलीने शाळेत शिकलेले गणित मांडले. साधा पंखा ७५ वॅटचा आणि नव्या पद्धतीचा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटचा. रोज १२ तास वापर धरला तर पहिल्याला ०.९० आणि दुसऱ्याला ०.३६ युनिट वीज लागते. ३०० दिवसांत फरक १६२ युनिटांचा होतो. युनिटला ६ रुपये दर धरला तर वर्षाला ९७२ रुपये वाचतात. पंख्याची किंमत १,५०० रुपयांनी अधिक असली तरी ती सुमारे दीड वर्षात वसूल होते. स्वस्त वस्तू आणि काटकसरीची वस्तू या नेहमी एकच नसतात, हे तिच्या वडिलांना त्या दिवशी पटले.

कर्जाचा हिशेबही तिनेच वडिलांच्या मदतीने केला. दोन लाख रुपये, वार्षिक व्याज १४ टक्के, मुदत तीन वर्षे. दरमहा हप्ता सुमारे ६,८३५ रुपये आणि एकूण परतफेड सुमारे २,४६,००० रुपये. म्हणजे ४६,००० रुपये निव्वळ व्याजाचे. एवढ्यात ओटा आणि त्याखालचे कप्पे झाले असते.

आजी म्हणाल्या, “पाहुणे एक दिवस येतील आणि जेवून जातील. हप्ता मात्र छत्तीस महिने घरात राहील.”

मुलगा काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आई, लोक विचारतील, सोफा कुठे आहे?”

“त्यांना खालच्या घरी ने आणि कोरडे छत दाखव,” आजी म्हणाल्या.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी या हिशेबात एक बदल करावा लागतो. बेंगळुरूमध्ये दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम मागण्याची रूढी वर्षानुवर्षे चालत आली. अशा वेळी भाडेकरूने भिंतीत किंवा जमिनीत अडकणाऱ्या गोष्टींवर स्वतःचा पैसा घालू नये. मोडता-जोडता येणारे पलंग, मांडणी, पंखे, पडदे अशा बरोबर नेता येणाऱ्या वस्तू घ्याव्यात. गळती व तारा यांची दुरुस्ती राहायला येण्यापूर्वीच मालकाकडून करून घ्यावी आणि तसे भाडेकरारात लिहून घ्यावे.

६. दूध उतू गेले

दुरुस्तीनंतर न्हाणीघरात पुन्हा चोवीस तास पाणी साठवून पाहिले. पातळी जराही उतरली नाही. नवा गिलावा आठवडाभर पाणी मारून मुरवला, तो पूर्ण वाळू दिला आणि मगच रंग दिला. त्यामुळे वास्तुशांत ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा झाली.

त्या दिवशी बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. लाल जमिनीवर सुनेने रांगोळी काढली. एका कोनाड्यात समई तेवत होती. नव्या घरात दूध उतू घालण्याची रीत मराठी घरांत आहे, तशीच ती कन्नड घरांतही आहे. तिला तेथे ‘हालु उक्किसुवुदु’ म्हणतात. नव्या ओट्यावर दुधाचे पातेले ठेवले तेव्हा आजींनी खालच्या घरच्या वृद्ध बाईंना हात धरून पुढे आणले. दोन वर्षे ज्यांच्या छतातून पाणी गळत होते, त्यांच्याच हाताने दूध उतू गेले.

कोणीतरी सोफ्याविषयी विचारलेच. “पुढच्या दिवाळीला,” मुलाने सांगितले आणि त्याला त्यात संकोच वाटला नाही. ‘जमेल तेव्हा’ या यादीत सोफा तिसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्या क्रमांकावर मुलीच्या अभ्यासाचे टेबल होते.

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडून वाक्य पूर्ण करा.
(अ) भिंतीला आलेल्या फुगवट्याचे कारण – (१) निकृष्ट रंग (२) न्हाणीघरातील गळती (३) पावसाची झड
(आ) ‘मर्दिनी’ हे नाव – (१) विटेचे (२) वसाहतीचे (३) विटा तयार करणाऱ्या यंत्राचे

२. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) जुना रंग कोरडा घासणे का टाळावे?
(आ) अंदाजपत्रकात राखीव रक्कम का ठेवावी?
(इ) वहीतील तीन याद्या कोणत्या?

शब्दार्थ

ऐपत – खर्च करण्याची कुवत. गिलावा – भिंतीला दिलेला चुन्याचा किंवा सिमेंटचा लेप. पोपडा – सुटून आलेला पातळ थर. जलरोधन – पाणी झिरपू नये म्हणून केलेली योजना. राडारोडा – बांधकाम पाडल्यावर उरलेला ढीग. मांडणी – भांडी ठेवण्याची फळ्यांची चौकट. कोनाडा – भिंतीत ठेवलेली लहान पोकळी. अनामत – परत मिळण्याच्या अटीवर ठेवलेली रक्कम.

भाषाभ्यास

१. जुन्या मराठी घरांत कोनाडा, फडताळ, खुंटी, माळा या सोयी भिंतीतच असत. त्यामुळे वेगळे सामान कमी लागे. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून असे आणखी पाच शब्द मिळवा व त्यांचे अर्थ लिहा.

२. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द मराठीने कन्नडमधून घेतले, असे मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत सांगितलेले असते. शेजारी राहणाऱ्या दोन भाषा एकमेकींच्या घरातील वस्तू वापरतात, तसे शब्दही वापरतात. ‘गुजरी’ या शब्दाचे पाठात आलेले दोन अर्थ तुमच्या वाक्यांत वापरा.

३. पुढील म्हणी व वाक्प्रचार यांचा अर्थ सांगून पाठातील कोणत्या प्रसंगाला ते लागू पडतात ते लिहा : अंथरूण पाहून पाय पसरणे, ऋण काढून सण करणे, थेंबे थेंबे तळे साचे.

आपण काय शिकलो?

• घरात पाणी, वीज व ओल यांची कामे प्रथम करावीत. रंग आणि सामान नंतर घ्यावे.
• वस्तूची खरी किंमत तिची वाहतूक, तिच्यावरील पुढील खर्च आणि तिचे आयुष्य यांवरून ठरते.
• टिकाऊ जुनी वस्तू दुरुस्त करून वापरणे, हा काटकसरीचा चांगला मार्ग आहे.
• दिखाव्यासाठी काढलेले कर्ज समारंभ संपल्यावरही फेडावे लागते.
• घर टप्प्याटप्प्याने लावण्यात कमीपणा नाही.

स्वाध्याय

१. “घराची दुरुस्ती हा केवळ एका कुटुंबाचा प्रश्न नसतो.” पाठाच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.
२. मुलाची इच्छा आणि आजींचे म्हणणे या दोन्ही बाजू तुमच्या शब्दांत मांडा. तुम्ही कोणता निर्णय घेतला असता, ते सकारण लिहा.
३. तुम्ही राहता त्या घरासाठी पन्नास हजार रुपये उपलब्ध आहेत असे समजा. ‘आत्ता’, ‘वर्षभरात’ व ‘जमेल तेव्हा’ अशा तीन याद्या करून अंदाजपत्रक तयार करा.
४. घरातील गळती दुरुस्त करून देण्याविषयी घरमालकास विनंतिपत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) – (२). (आ) – (३).
२. (अ) जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो व त्याची धूळ विशेषतः लहान मुलांना अपायकारक असते. (आ) जुनी भिंत फोडल्यावर आत काय निघेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून राखीव रक्कम ठेवावी. (इ) ‘राहायला जाण्यापूर्वी’, ‘वर्षभरात’ आणि ‘जमेल तेव्हा’.